अंड्यांचा भाव आणि मामांचं शिफारसपत्र

तीर्थस्वरूप मामांना साष्टांग नमस्कार, मामींना वाकून आणि तुमच्या सहाशे कोंबड्यांना लांबूनच. तुमचा गुडघा काय म्हणतो? माझी तब्येत ठणठणीत आहे आणि नोकरीची तुमच्या कृपेने सुधारते आहे.

मामा, तुमचे उपकार कसे फेडू, सांगा. आमच्या पत्रकात (तेच, ज्यात दर शुक्रवारी मी पुढच्या आठवड्याचा अंड्यांचा भाव वर्तवते) मी ठोकून दिलं होतं, की थंडी वाढतेय, भाव चढणार, माल राखून ठेवा. चार वर्षांचे आकडे, बाजारातली आवक, खाद्याचे दर, सगळं मांडून काढलेला अंदाज होता. घोळ एवढाच झाला, की लोकांनी तो वाचला. एरवी माझं घरात कुत्रं ऐकत नाही, पण इथे झाडून सगळ्या पोल्ट्रीवाल्यांनी ऐकलं. आठ दिवस कोणी अंडं हलवलं नाही. भाव खरंच चढला (तेवढे दिवस मी ऑफिसात मान ताठ करून फिरले), आणि सोमवारी सगळ्यांच्या गाड्या एकदम बाजारात. भाव असा कोसळला, की बाजाराचा वॉचमनसुद्धा दोन ट्रे घरी घेऊन गेला.

साहेबांनी बोलावलं. ते रागावत नाहीत, नुसता चष्मा पुसतात. त्या दिवशी काच झिजायची वेळ आली. म्हणाले, तुमचा अंदाज ऐकून भलं झालेला एक तरी माणूस दाखवा, नाहीतर महिनाअखेर रजा घ्या, कायमची. मी मामींपाशी फोनवर रडले ती त्याच संध्याकाळी. आणि चौथ्या दिवशी तुमचं पत्र थेट साहेबांच्या टेबलावर. 'आपल्या पत्रकावर विसंबून माझा फार फायदा झाला, असा अंदाज दुसरं कोणी देत नाही.' साहेबांनी ते सगळ्यांसमोर वाचलं (नातं त्यांना ठाऊक नाही) आणि चष्मा डोळ्यांवर चढवला. नोकरी राहिली. मी गणितात नापास झाले तेव्हा बाबांची समजूत घालायलाही तुम्हीच धावून आला होतात, विसरले नाही मी.

तुमची भाची

ता. क. फायदा नेमका किती झाला, हे साहेबांना पत्रकात छापायचंय. आकडा कळवा.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवणार, एवढ्यात मामींचा फोन आला. म्हणाल्या, भाचीचा शब्द म्हणून तुम्हीही सगळा माल राखून ठेवलात, आणि तीन आठवडे घरात दोन्ही वेळा अंडीच शिजताहेत. आकडा राहू द्या, मामा. फक्त येत्या शुक्रवारी मी काहीही छापलं तरी तुम्ही अंडी विकून मोकळे व्हा. पाया पडते, पण एवढं ऐका.