मागच्या खोलीतल्या माणसाचे दुकान

मी, कुलूप-किल्ल्यांचा कारागीर, अविवाहित, प्रभूला साक्षी ठेवून, पूर्ण शुद्धीवर असताना हे मृत्युपत्र सांगतो आहे. उजवा हात निकामी असल्याने धाकटी बहीण लिहीत आहे. ती पदरचे काही घालत नाही ना, हे मी प्रत्येक कलमानंतर वाचून पाहिले आहे.

१. राहते घर बहिणीला. पुतण्याने गोड बोलून कागद पुढे केल्यास तिने सही करू नये. तो माझी तब्येत विचारायला येतो आणि भिंती ठोकून बघतो.

२. पुतण्याला माझी काळी छत्री. ती त्याने आधीच नेलेली आहे.

३. दुकान, कानशी व किल्ल्या कापायचे यंत्र मागच्या खोलीत राहणाऱ्या माणसाला. कारण लिहिणे भाग आहे, नाहीतर लोक म्हणतील म्हाताऱ्याला भुलवले.

हा माणूस पूर्वी माझ्या दुकानात चोरीला शिरला होता. मी आडवा गेलो, तेव्हा त्याने पहारीने माझा हात मोडला. त्याची शिक्षा संपली त्या दिवशी बहीण तुरुंगाच्या दाराशी जाऊन उभी राहिली आणि त्याला जेवायला घरी घेऊन आली.

"तुला वेड लागलंय का?" मी विचारले.

"वैऱ्यावर प्रीती करा, हे तू दर रविवारी पहिल्या बाकावर बसून ऐकतोस," ती म्हणाली. "मग तो जेवणार कुठं? चर्चच्या पायरीवर?"

तो राहिला. मी माझ्या खोलीच्या दाराला माझे सर्वांत अवघड कुलूप बसवून घेतले. त्याला काम शिकवले, तेही नजरेसमोर राहावा म्हणून. तो कधी उलटून बोलत नसे. त्याचाच मला जास्त संशय. तो पाणी भरी, तेव्हा मी बादलीतही डोकावून पाही.

गेल्या हिवाळ्यात मी खोलीत कोसळलो. तोंडून हाक फुटेना. किल्ली आत, बहीण बाहेर दार बडवते आहे. मग तारेची खुडबुड ऐकू आली आणि ते कुलूप सहज उघडले.

इस्पितळातून परतल्यावर मी त्याला विचारले, "हे उघडायला कधी शिकलास?"

"बसवलंत त्याच आठवड्यात, काका."

"मग कधी आत आला नाहीस?"

"तुम्ही बोलावलं नव्हतंत."

यात त्याचा काय डाव आहे, ते मला अजून सापडलेले नाही. शोध चालू आहे. तोवर दुकान त्याचे.

४. शवपेटीचे लाकूड बहिणीने स्वतः पाहावे. वरून सागवान आणि खालून भलतेच, हा सुताराचा शिरस्ता आहे.

बहीण लिहिता लिहिता थांबून विचारते आहे, "दादा, त्याला क्षमा केली असं एक वाक्य घालू का?"

घालू नये. तो शेफारेल. पेटीला पुढचा खांदा त्याने द्यावा, पुतण्याने मागे राहावे, एवढे लिही.

सही (डाव्या हाताची)

साक्षीदार:
पाळक. यांना मी समोर बसवून सगळे वाचायला लावले.
शेजारचा पाववाला. याला माझ्याकडून काही मिळायचे नाही, म्हणून बोलावला.

ठिकाण: दुकानावरची खोली
दिनांक: ४ मार्च, रविवार, उपासनेनंतर