एका दमाची लाट

प्रिय वसंतदादा,

एक लाट कितीला पडते, सांगू? पांढऱ्या ऑइलपेंटचा एक डबा, तो रंग खरवडून काढण्यात गेलेली अख्खी दुपार, माझा उजवा खांदा, परशा नाखव्याशी लहानपणापासूनची मैत्री (जवळजवळ), आणि माझी शेटगिरी. शेटगिरी तर पुरती गेली!

तू असताना हीच लाट वर्षाला एक चहा आणि एका पापलेटात व्हायची. लाडावून ठेवलंस रे सगळ्यांना.

उद्या नारळी पौर्णिमा. परशाची होडी खाडीत उतरेल. माझ्या नखांत अजून तिचा पांढरा रंग आहे, तो निघून जायच्या आत तुला लिहितोय. आणखी कोणाला सांगू? रेवदंड्यात सांगितलं तर चौलपर्यंत हसतील.

तू शिमग्यात गेलास. मग पाऊस आला, होड्या वर ओढल्या, ताडपत्र्या पडल्या. आणि आषाढात परशा माझ्या स्टिकर-बोर्डांच्या दुकानाच्या दारात येऊन उभा.

“मधूशेट, आता लाट कोन काढनार?”

“मी मेलोय का?”

“तू का तुझा मशीन?”

“माझ्या मशीनमधून येतं ते मीच असतो,” म्हटलं. धंद्यातला माणूस ना मी, जीभ हाताच्या आधी चालते.

तुझी लाट म्हणजे होडीच्या दोन्ही अंगांना, पुढच्या नाळेच्या टोकापासून पार मागपर्यंत गेलेली एकच पांढरी रेघ. उसळत, पडत, पुन्हा उसळत. ब्रश डब्यात बुडवायला तू थांबायचास, लाट थांबायची नाही. मी काय केलं माहितेय? गेल्या वर्षीचा होडीचा फोटो शोधला, कॉम्प्युटरवर तुझी लाट गिरवली, मशीनवर साचा कापला, फळ्यांवर चिकटवला आणि वरून रंग फिरवला. केसाचा फरक नाही! लांब उभा राहून बघितलं आणि मनात म्हटलं, दादा, आलास की परत.

तेवढ्यात परशाची म्हातारी आई काठी टेकत आली. एक डोळा बारीक करून बघत राहिली.

“ही लाट न्हाय रं. ह्यो जिना हाय. चढून जायाचं कुठं?”

जाळी विणत बसलेली सगळी माणसं हसली. परशा तेवढा हसला नाही. बाजूला घेऊन म्हणाला, “पौर्णिमेच्या आत हातानं झाली तर झाली. न्हायतर तुझाच रेडियमचा स्टिकर लाव, नि दर सालाला तोच. मला कटकट नको.”

दादा, धंदा माझाच होता! तरी हो म्हणवेना. एकदा स्टिकर लागलं की तिथे पुन्हा ब्रश लागत नाही, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक? या बाजारातले हाताने रंगवलेले बोर्ड उतरवून तर मी दुकान उभं केलं. आता उतरायची पाळी तुझ्या लाटेची होती, आणि तू जाऊन सहा महिनेही झाले नव्हते.

मग तुझी मंजू आली अलिबागहून. शाळेत मुलांना चित्रकला शिकवते, पण धार तुझीच. माझ्या वहीत सरावाला काढलेला बांगडा पाहिला आणि म्हणाली, “काका, याला इस्त्री केलीस का?”

“अगं, हात आखडतो.”

“हात नाही, तू आखडतोस. उठ.”

दुकानासमोरच्या, उघडिपीच्या उन्हात तापलेल्या सिमेंटवर तिने बादलीभर पाणी आणि भिंत रंगवायचा रुंद ब्रश ठेवला. पाण्याने लाटा काढ म्हणाली. काढली की उन्हात वाळून जाते. खोडायला काही उरतच नाही! पहिल्या दिवशी मी वाळायच्या आत दुरुस्त्या करत होतो. ती ओरडली, “मेलेल्याला औषध कशाला देतोस? पुढची काढ.” गिऱ्हाईकं पाणी ओलांडून आत येत होती आणि विचारत होती, शेट, सडा घालताय?

ओहोटीच्या वेळी पुळणीवर नेलं. लांब बांबूचं पार शेवटचं टोक धरायचं आणि ओल्या वाळूत रेघ ओढायची. तिथे बोटं काही कामाची नाहीत. सगळं खांद्यातून, कमरेतून यावं लागतं. दोन दिवस मला उजव्या हाताने शर्ट घालता आला नाही. मग डाव्या हाताने, मग कागदाकडे न बघता. सुमनला समोर बसवून, नजर तिच्यावरून न हलवता तिचं चित्र काढलं. कान कपाळावर आला. लग्नाच्या इतक्या वर्षांत एवढा वेळ कधी बघितलं नव्हतंत, म्हणाली, आणि भाजी करपली म्हणून पळाली. पण दादा, त्या चित्रातली मानेची रेघ… मी काढली यावर विश्वास बसेना.

“हे सगळं बाबांनीच मला करायला लावलं होतं,” असं मंजू म्हणते. मग मला का नाही रे? मला म्हणालास, “मध्या, तुझा हात फौजदाराचा. तू अक्षरं काढ.” मी अक्षरं काढली. अक्षरांवर घर बांधलं. पण एकदा, फक्त एकदा, बांबू माझ्या हातात दिला असतास तर?

मंजूने तुझं एक वाक्य सांगितलं, ते मात्र मी घोकलं: श्वास रोखला की रेघ मेली, म्हणून काढताना बोलत राहा. तू होडीशी का बडबडायचास ते आत्ता कळलं. मला वाटायचं, घेतली असेल थोडी!

परवा सकाळी उघडीप मिळाली. चौलच्या बाजूला आभाळ काळं होतं. परशा रिक्षावाल्यासारखा घड्याळ बघत उभा. खाडीकडच्या फळ्या पुसून कोरड्या केल्या. माझी बाजू खाडीकडची, मंजूची पलीकडची, मधे होडी. तुझा लांब केसांचा ब्रश माझ्या हातात, आणि हात पुन्हा फौजदार झालेला! नाळेला टेकवला की रेघ पट्टीने आखल्यासारखी. दोनदा रॉकेलच्या फडक्याने पुसलं. परशा म्हणाला, “मधू, स्टिकर गाडीत हाय ना?”

माझे कान तुला माहीत आहेत. इंजिनच्या आवाजावरून दुकानात बसून सांगतो कोणाची होडी आली. ब्रशच्या आवाजावरून हात कोणाचा हेसुद्धा ओळखतो. यात आजवर माझा कान चुकलेला नाही. तर पलीकडून आवाज यायला लागला. खर्रर्र… लांब, न अडखळता. मग थांबून बुडवल्याचा आवाज. पुन्हा खर्रर्र. अंगावर काटा आला, दादा. तो तुझा हात होता! मंजूने सुरू केली होती, आणि अशी की जन्मभर होड्याच रंगवल्यात.

ही पोरगी माझ्या आधी मागच्या टोकाला पोचणार, एवढंच डोक्यात आलं. मी ब्रश टेकवला आणि बोलायला लागलो. काय बोललो देव जाणे. तुला शिव्या दिल्या, परशाच्या बापाची आठवण काढली, होडीला म्हटलं पोट आत घे बाई. पाय चालत होते, खांदा चालत होता, पलीकडे खर्रर्र, इकडे खर्रर्र. फळी जिथे फुगते तिथे लाट आपोआप चढली. साचा तिथेच तर मेला होता! टोकाला पोचलो तेव्हा कळलं की संपलं.

म्हातारी आली. पुन्हा एक डोळा बारीक.

“वसंताच्या लाटंसारकी न्हाय,” म्हणाली. मग काठीने वाळूत दोनदा टकटक केलं. “पन भिजवंल ही.”

गाडीतलं स्टिकर परशाने माझ्यासमोर गुंडाळलं आणि पोराच्या सायकलला लावायला घेऊन गेला. दुसऱ्या बाजूची लाट मंजूची, दुपारच्या आत पुरी झाली. पाऊस आला तो अंधार पडल्यावर.

दादा, शब्द देतो: माझा खांदा चालतोय तोवर परशाच्या होडीला मशीनचं काही लागणार नाही. आणि पावसाळा संपला की दुकानासमोरच्या सिमेंटवर रोज पाणी पडेल. गिऱ्हाईकांना सडा म्हणू दे.

तुझा,
मध्या

ता. क. माझी लाट पुरी झाल्यावर मी ओरडत पलीकडे गेलो, पोरीची पाठ थोपटायला. तिच्या बाजूला एक रेघही नव्हती. हातात काथ्या होता, शेजारी पाण्याची बादली. ती फळ्यांवरचं मीठ घासत होती, खर्रर्र.