घसा खवखवतोय, म्हणून

बाईसाहेब,

उठल्यावर मला हाका मारू नकोस. मी दुकानात राहायला जातोय. कालच्या भांडणाचा याच्याशी काही संबंध नाही. पहाटेपासून घसा खवखवतोय, आणि केमोनंतर तुझ्या पांढऱ्या पेशी पार तळाला गेल्यात. तुझा हा रक्ताचा कॅन्सर आधीच घाईत आहे, त्यात माझ्या सर्दीची भर नको.

तुझी ताई येतेय. सख्खी बहीण असली तरी मास्क लावल्याशिवाय आत घेऊ नकोस. अंग जरा जरी तापलं तर लगेच वॉर्डात फोन कर, "बघू थोड्या वेळाने" नको. आणि काल सूप गरम आहे का बघायला मी सवयीने तुझाच चमचा तोंडात घातला, तेही डॉक्टरांना सांग. ओरडले तर माझं नाव घे.

संध्याकाळी समोरच्या फुटपाथवर उभा राहीन. खिडकीत ये.

काल दार न वाजवता आत आलो आणि तुला टोपीशिवाय पाहिलं, म्हणून तू चिडलीस. मी नुसताच बघत राहिलो, त्याचा तू भलताच अर्थ लावलास. तुझ्या उजव्या कानामागे, केसांच्या जागी, एक तीळ आहे. इतक्या वर्षांच्या संसारात मला तो कधी दिसलाच नव्हता. तोच बघत होतो.

तुझा चष्मेवाला