बेप्पूतला नवा भात

बुधरी,
तुले, पोराइले अन् गोठ्यातल्या बैलाइले जपानातून सेवा जोहार.

माही तब्येत बरी हाये. बांबू विणाचं शिक्षण नीट चालू हाये. संगची पोरं मले 'आजोबा' म्हणते, पण हासत नाई. तुहा गुडघा कसा हाये? धान कापाले माणसं भेटली का?

आल्या आल्या मी फोनवर 'परत येतो' म्हणून रडत होतो, ते इसरून जाय. परवा घरमालकीण सुझुकोबाईनं नव्या तांदळाचा भात वाढला. मी हात आवरला. आपल्या घरी नवाखाई झाली नाई, तं नवं धान तोंडात कसं घालू? बाईले वाटलं, मी रुसलो. मंग खुणा करून सांगितलं, पयला घास पुरख्याइचा, मेलेल्या वाडवडलाइचा, मंग आपला. तशी ती मले आतल्या खोलीत घेऊन गेली. मेलेल्या नवऱ्याच्या फोटोपुढं तिनं त्याच भाताची वाटी ठेवली होती.

आता घरची नवाखाई होईपर्यंत बाई माह्यासाठी जुना तांदूळ शिजवते. हे बेप्पू शहर गरम पाण्याच्या झऱ्याइचं हाये, सांजच्याला गल्लीगल्लीतून वाफ निघते. मले वाटते, घरोघरी धान उकडून राह्यले.

गुरुजी म्हणते, अजून एक वर्ष राहा. मले राहावं वाटते, बुधरी. तू म्हणशील, म्हाताऱ्याले शिंगं फुटले. यंदा पुरख्याइपुढं पान तूच मांड, अन् मंग फोन कर. 'ये' म्हणशील तं येतो. 'राहा' म्हणशील तं रागानं म्हणू नोको.

तुहा,
कोलू