अजून गरम ओत

प्रिय धाकट्या,

मंगळवारी तू विचारलं होतंस, की थंड पाण्यात पाय गरम ठेवायचे आणखी काही उपाय असतील तर कळव, शर्यत तोंडावर आलीय. मी उत्तर दिलं नाही. आज देते आहे, आणि कागदावर देते आहे, कारण फोन तू उचलत नाहीस आणि समोरासमोर तुला काही सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. फक्त एक अट आहे. हे पत्र शेवटपर्यंत वाचल्याशिवाय उद्या तळ्यावर जायचं नाही. तुझा डावा पाय वाचायला हवा असेल तर एवढं माझं ऐक, हात जोडते.

तर उपाय. गार पाण्यात पाय गरम ठेवायचे तर सुरुवात डोक्यापासून करायची, हे मी तुला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. म्हणून दोन टोप्या, एकीवर एक. डोकं गार पडलं की शरीर आपलं पोट-छाती सांभाळतं आणि पायांना वाऱ्यावर सोडतं. रबरी मोजा घट्ट हवा, पण आत बोटं हलली पाहिजेत. त्याची वरची कड वेटसूटच्या आत गेली पाहिजे, नाहीतर प्रत्येक लाथेला नवं गार पाणी आत शिरतं. काठावरच्या दगडावर अनवाणी उभं राहायचं नाही. त्यासाठीच मी ते विटकं पायपुसणं पिशवीत घालून फिरते, ज्याला तू माझा हुंडा म्हणतोस. शर्यतीत पोहून झाल्यावर पुढे सायकल आणि धावणं आहे म्हणून पोहताना पाय राखून ठेवणारे तुम्ही अतिशहाणे. गार पाण्यात पाय मारत राहिलं तरच ते आपले राहतात. आणि शेवटचा, आपला दोघांचा लाडका उपाय: उतरण्याआधी मोज्यात थर्मासमधलं पाणी ओतायचं, म्हणजे मोज्यातली जागा तळ्याच्या पाण्याआधी आपल्या पाण्यानं भरते. कोमट पाणी. तान्ह्या बाळाच्या अंघोळीला चालेल इतपत. थेंब आधी माझ्या मनगटावर, मगच तुझ्या पायावर. बारा वर्षं तरणतलावावर शिट्टी फुंकतेय, शेकडो पोरांना पाण्यात ढकललंय, पण हा नियम मी कधी मोडला नव्हता.

गेल्या रविवारी मोडला. तुला आठवत असेल, सरावाला उशीर झाला होता, सगळे पाण्यात उतरले होते आणि तू काठावर बसून पाय आपटत होतास. मी उजव्या मोज्यात थोडं ओतलं. तू म्हणालास, काहीच जाणवत नाही. डाव्यात जास्त ओतलं. तू म्हणालास, अजून गरम ओत ताई, काही लागतच नाही. मी चिडले, म्हटलं घे बाबा, आणि मनगटबिनगट न बघता दुसऱ्या थर्मासचं, आपल्या चहासाठी आणलेलं पाणी सरळ आत रिकामं केलं. तू हूं की चूं केलं नाहीस. हसत उतरलास. झाकण लावताना एक थेंब माझ्या बोटावर पडला आणि चर्र झालं. मी बोट तोंडात घातलं. धाकट्या, मला त्याच क्षणी कळलं होतं. तुला हाक मारता आली असती, शिट्टी गळ्यातच होती. पण मी स्वतःची समजूत घातली, की एवढं गरम असतं तर हा ओरडला नसता का. तू ओरडला नाहीस, यातच सगळं आलं होतं, आणि मी मूग गिळून काठावर उभी राहिले.

मंगळवारी तुझा निरोप आला. मोजा चावला, टाचेला फोड आलाय, आणखी उपाय कळव. गुरुवारी तू माझ्या तरणतलावावर आलास तेव्हा मी आधी तुझ्या चालीकडे पाहिलं. तू लंगडत नव्हतास. लंगडला असतास तर बरं झालं असतं. बूट काढलास तर आतला मोजा टाचेला चिकटलेला, ओला, आणि त्याचा वास माझ्या क्लोरीनच्या खोलीतसुद्धा लपत नव्हता. मी डॉक्टर म्हटलं आणि तुझा पारा चढला. म्हणालास, तू माझी आई होऊ नकोस, साध्या फोडाचा बाऊ करू नकोस. उचलली जीभ लावली टाळ्याला, आणि निघून गेलास. जाताना जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरलास, त्याच टाचेवर.

आता बाबांचं सांगते. तुला वाटतं तुला सगळं माहीत आहे, पण तू तेव्हा नऊ वर्षांचा होतास आणि घरात जे सांगितलं गेलं तेच तुला ठाऊक. बाबा टपाल वाटून घरी आले की खुर्चीत बसायचे आणि म्हणायचे, पाय गार पडलेत. आई नव्हती, म्हणून ते काम माझं. मी रबरी पिशवीत गरम पाणी भरून त्यांच्या पायांखाली ठेवायचे. मोठं कौतुक व्हायचं माझं. एका संध्याकाळी ते म्हणाले, अजून गरम कर पोरी, काही लागतच नाही. मी किटलीतलं उकळतं पाणी पिशवीत भरलं आणि वर गुंडाळलेला टॉवेलही काढला. ते तसेच पेपर वाचत बसले. सकाळी टाचेला हा एवढा फोड. शेजारी, टपाल कचेरीत, तुला, सगळ्यांना त्यांनी एकच सांगितलं: नवा बूट चावला. माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि पुन्हा तो विषय काढला नाही. त्यांना साखर आहे, तिनेच पाय बधिर झालेत, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा जखम घोट्यापर्यंत गेली होती. नंतर पाय गुडघ्याखालून गेला, आणि वर्षभरात बाबा गेले. तू आजही लोकांना सांगतोस, की एका बुटापायी आमचे बाबा गेले. मी ऐकून घेते. सत्तावीस वर्षं ऐकून घेतेय.

म्हणून तुझा 'मोजा चावला' मी पुन्हा पुन्हा वाचला. तू मला वाचवायला खोटं बोललास असं मी म्हणणार नाही. तुला खरंच तसं वाटत असेल, कारण तुला भाजलेलं कळलंच नाही. पण दुसरी एक गोष्ट तू लपवलीस. गेल्या महिन्यात तुझ्या सायकलची ट्यूब बदलायला मी पिशवी उघडली, तर पंक्चरच्या सामानाखाली तुझ्या कंपनीच्या तपासणीचा कागद घडी घालून ठेवलेला. साखर, आणि पुढे लाल पेनाने काढलेला गोल. तारीख दोन वर्षांपूर्वीची. म्हणजे तू पोहायला लागलास त्याच्या बरोबर आधीच्या आठवड्याची. तेव्हा मला वाटलं होतं, चाळिशी जवळ आली म्हणून याला हे खूळ लागलं. तू पोहत, सायकल मारत, धावत त्या कागदापासून लांब चालला होतास आणि मी मूर्ख काठावरून टाळ्या वाजवत होते. कागद मी परत होता तिथे ठेवला. बोलले नाही. आपल्या घराण्यात न बोलण्याची शर्यत असती तर पहिले तिन्ही नंबर आपलेच असते.

आज सकाळी तुझ्या कामावर फोन केला. तुझे साहेब म्हणाले, तो दोन दिवस तापाने झोपलाय, पण रविवारी शर्यत आहे असं म्हणत होता. मी होते तशी निघाले. हे पत्र पोस्टाने येणार नाही, धाकट्या. मी तुझ्या दाराबाहेर बसले आहे. शहरभर लिफ्ट दुरुस्त करत हिंडतोस आणि तुझ्याच इमारतीची बंद. पाच मजले चढून आले. मघाशी दार वाजवणारी मीच होते. तू आतून ओरडलास, जा, झोपू दे. तो आवाज तुझा वाटला नाही. जीभ जड झाल्यासारखा होता. कुलूपवाल्याला बोलावलंय, अर्ध्या तासात येतो म्हणाला. हॉस्पिटलची गाडीही येतेय. पण दार मोडून तुला उचलून न्यावं असं मला नको आहे. आपणहून ये. म्हणून शर्यतीच्या माहितीपत्रकांच्या मागच्या बाजूला लिहितेय आणि एकेक पान फटीतून आत सरकवतेय. पहिली पाच पानं मघाशी कुणीतरी ओढून घेतली. तेव्हापासून मी गाल फरशीला टेकवून फटीतून आत बघतेय आणि तशीच हे लिहितेय. मला तुझे पाय दिसताहेत. डाव्या पायाखाली फरशी ओली आहे आणि तू त्याच पायावर सगळा भार टाकून वाचत उभा आहेस. तुला काही लागत नाहीये ना? मला लागतंय. बाबांना मी भाजलं, तुला मी भाजलं, वाटेल ते बोल मला, जन्मभर बोल. फक्त तो पाय उचल, भिंतीला धर आणि कडी काढ.

दाराबाहेर बसलेली,
तुझीच ताई