साळूबाईपुढचे ठिपके

लोणखडी, ता. कर्जत
४ जानेवारी २०२५

ती. मार्थाआत्यास,
रोहिणीचा सप्रेम सलाम. वि. वि.

आपल्या हायस्कूलला यंदा पंचाहत्तर वर्षे होतात. मुख्याध्यापिका म्हणून इतिहास लिहायचे काम माझ्याच गळ्यात पडले. मिशनच्या मडमसाहेबांनी चिंचेखाली भरवलेला पहिला वर्ग, चर्चमध्ये घेतलेली पहिली परीक्षा, सगळे लिहून झाले. पण १९७२-७३च्या हजेरीपाशी अडले आहे. आठवीतल्या साळूबाई आसाराम हिच्यापुढे दिवाळीपासून ना हजर, ना गैरहजर, नुसते ठिपके. नववीत तर वर्षभर तेच. हजेरी दादांच्या हातची. पट मोठा दिसावा म्हणून दादांनी खोटेपणा केला का ग? आम्हाला खरे बोलायला शिकवणारा माझा बाप! हे छापू की झाकू? घास गोड लागत नाही.

लोभ आहेच, उत्तर तेवढे लवकर धाड.
तुझी रोहिणी

कोपरगाव
१९ जानेवारी

चि. रोहिणीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

गुडघे सोडले तर मी मजेत. बापावर ठपका ठेवण्याआधी आत्याला विचारलेस, एवढी अक्कल शाबूत आहे म्हणायची!

त्या वर्गात मी होते. दुष्काळात घरेच्या घरे इकडे कोपरगावला ऊसतोडीला निघाली. दादांची रीत अशी, की गेलेल्या पोराचेही नाव रोज पुकारायचे आणि शेजारच्याने 'येणार हाय' म्हणायचे. मग ठिपका. साळूबाईच्या शेजारी मी बसायची. होळीनंतर बाकीचे परतले, ती आलीच नाही. तपासणीच्या साहेबांनी दादांना भर वर्गात झापले, तरी त्यांनी नाव खोडले नाही. पटात मात्र तिला कधी धरले नाही. पानाखालची बेरीज बघ.

तुझ्या पत्राने माझीच मला लाज वाटली. चाळीस वर्षे इथे राहून मी तिला शोधले नव्हते. परवा कारखान्याजवळच्या वस्तीत विचारत गेले, तर सापडली! भाजी विकते. 'माजं नाव अजून हाय व्हय तितं?' एवढेच विचारत राहिली आणि माझा हात सोडेना. समारंभाला तिला पाठवते.

देव तुला सुखी ठेवो.
तुझी आत्या

लोणखडी
१० फेब्रुवारी

ती. आत्यास सलाम. वि. वि.

बेरीज बरोबर निघाली, साळूबाईला वगळून. दादांच्या कबरीवर जाऊन माफी मागितली.

काल समारंभात आठवीची ती हजेरी पुकारली. साळूबाईचे नाव घेताच तुमच्या वर्गातले म्हातारे एका सुरात 'येणार हाय' म्हणाले. तेवढ्यात पहिल्या रांगेतून ती उठली आणि 'आले, सर' म्हणाली. मला रडू आवरले नाही.

जुन्या पानावर शेवटच्या ठिपक्यापुढे मी 'हजर' लिहिले. सरकारी दप्तरात खाडाखोड! आता साहेब मलाही झापतील.

यंदाही आमची सहा मुले ऊसतोडीला गेली आहेत. आजपासून हजेरीत त्यांचीही नावे पुकारते आहे. पहिले नाव आठवीतल्या आरतीचे. तिच्या शेजारणीला काय म्हणायचे ते शिकवले आहे.

गुडघ्यांना जप, माया आहे तशीच राहू दे.
तुझी रोहिणी