झडप मी उघडली

सेंट ओडील, सस्कॅचेवान
१९ ऑगस्ट १९८४

प्रिय आम्ब्रोज दादा,

तू बरा असशील. इथे गहू पिवळा झालाय, टोळही उदंड झालेत. पेलिकन पक्षी यंदाही पुलापाशी उतरले नाहीत. तुझ्या खोलीचं गळकं छप्पर नीट करून घेतलं. हे पत्र लिहायला दोन वर्षं लागली, त्याला कारण आहे.

काल फिलोमेन मावशीकडे गेले होते. ती अजून नदीचंच पाणी भरते. काठावरचा पुदिना घालून तिने चहा पुढ्यात ठेवला. कप तोंडाशी नेला आणि तसाच खाली ठेवला. अंगणात जाऊन ओकले.

मावशी मागोमाग आली. "पोटुशी-बिटुशी आहेस का गं?"

"नाही. मावशी, तू हे पाणी पिऊ नकोस."

"चाळीस वर्षं पितेय! दुष्काळात या नदीच्या माशांवर तुझी आई जगली. गुरं, बटाटे, बदकं, सगळं हिच्या जिवावर. आणि म्हणे पिऊ नको."

मग सांगितलं. तुलाही सांगते. दोन वर्षांपूर्वीच्या त्या एप्रिलमध्ये गावाच्या सांडपाण्याचं तळं काठोकाठ भरलं होतं. सांडपाणी खात्यातले आमचे साहेब पेलर म्हणाले, "तळ्याची झडप उघड, सोड नदीत. बर्फ वितळून आलेल्या पुरात कोणाला कळतंय?" झडप मी उघडली. दोन दिवस अख्ख्या गावाचा मैला नदीत वाहत होता. मासे पोट वर करून तरंगले, तेव्हा झडप उघडी पाहिली असं तू गावच्या सभेत ओरडलास. आणि मी उभी राहून म्हणाले, "झडप बंद होती. माझ्या भावाला प्यायल्यावर काहीही दिसतं." लोक हसले, तू गाव सोडलंस. त्या महिन्यात तू थेंबही घेतला नव्हतास. मला ठाऊक होतं.

किळस येते रे. माझी, पेलरची, हसणाऱ्यांचीही. नाकं त्यांनाही होती की!

मावशी एवढंच म्हणाली, "त्याला बेवडा म्हणालीस, ते या मैल्याहून घाण." आणि माझा चहा ओतून दिला.

आज चर्च सुटल्यावर त्याच सभागृहात सगळं बोलले. पेलर म्हणाला, "बाई थकलीय." या वेळी कोणी हसलं नाही. त्या उन्हाळ्यात म्हाताऱ्या गास्पारची बारा वासरं गेली होती. तो उठून माझ्या पायाशी थुंकला. बरोबर केलं त्याने. नोकरी सोडलीय. उद्या सरकारी तपासनीस येताहेत, त्यांना हेच लिहून देणार.

ये म्हणायला मला तोंड नाही.

खोटारडी, पण तुझीच बहीण,
डेल्फीन